पोटात अल्सर का होतो? तिखट आणि टेन्शनला दोष देण्याआधी हे वाचा

जेवायला थोडा उशीर झाला की पोटात आग पडते. रात्री दोन वाजता बेंबीच्या वर टोचल्यासारखं दुखून जाग येते. दोन बिस्किटं खाल्ली, थंड दूध घेतलं की बरं वाटतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पित्त झालंय, तिखट कमी कर." मग मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी येते, आठवडाभर बरं जातं आणि पुन्हा तेच.

अशी वर्षं निघून जातात. प्रत्येक वेळी ते साधं पित्तच असतं असं नाही. काही जणांच्या पोटात या काळात एक जखम तयार झालेली असते. तिलाच आपण अल्सर म्हणतो. गंमत म्हणजे ही जखम कशामुळे होते, याचं जे उत्तर बहुतेकांना पाठ असतं, ते वैद्यकशास्त्राने चाळीस वर्षांपूर्वीच चुकीचं ठरवलं आहे. बहुतेक अल्सर कायमचे बरे होऊ शकतात, हेही अनेकांना माहीत नसतं.

अल्सर म्हणजे नेमकं काय?

आपण गिळलेलं अन्न अन्ननलिकेतून जठरात येतं. तिथे ते घुसळलं जातं आणि मग लहान आतड्यात उतरतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, साधारण २५ सेंटीमीटर लांबीच्या भागाला ड्युओडेनम म्हणतात. लॅटिनमधल्या 'बारा' या शब्दावरून हे नाव आलं, कारण त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी मोजली गेली. मराठी वैद्यकीय पुस्तकांत त्याला 'ग्रहणी' असंही म्हटलेलं सापडतं.

जठराला आणि ग्रहणीला आतून एक नाजूक अस्तर असतं. हे अस्तर वरवर खरवडलं गेलं तर त्याला डॉक्टर 'इरोजन' म्हणतात. ते बऱ्याचदा आपोआप भरून येतं. पण जखम अस्तराच्या पार खाली, स्नायूच्या थरापर्यंत खोल गेली की तो अल्सर. सहसा ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या खोल जखमेलाच अल्सर म्हटलं जातं. जठरात झाला तर गॅस्ट्रिक अल्सर, ग्रहणीत झाला तर ड्युओडेनल अल्सर. दोघांना मिळून 'पेप्टिक अल्सर' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'पचनज व्रण' असा शब्द आहे.

पोट स्वतःलाच का पचवत नाही?

जठरात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि पेप्सिन नावाचं, प्रथिनांचे तुकडे करणारं विकर असतं. आपण खाल्लेलं मटण या रसात विरघळतं. मग आपलं जठरही मांसाचंच असताना ते का विरघळत नाही?

कारण त्याच्याकडे संरक्षणाची चांगली व्यवस्था आहे. अस्तरावर चिकट श्लेष्माचा म्हणजे म्युकसचा थर असतो. त्या थरात बायकार्बोनेट असतं, जे ॲसिडची तीव्रता मारतं. खालून भरपूर रक्तपुरवठा असतो आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्याने तयार होतात. या सगळ्या कामावर 'प्रोस्टाग्लँडिन' नावाच्या रसायनांची देखरेख असते.

म्हणजे एका बाजूला ॲसिड, दुसऱ्या बाजूला हे कवच. जोवर कवच शाबूत, तोवर ॲसिडचा त्रास नाही. अल्सर होतो तो बहुधा हे कवच कशामुळे तरी फाटल्यावर. हे फाडणारे मुख्य गुन्हेगार दोन आहेत.

पहिलं कारण : एच. पायलोरी नावाचा जिवाणू

विसाव्या शतकाचा बराचसा काळ डॉक्टरांची समजूत साधी होती. कार्ल श्वार्ट्स या डॉक्टरांनी १९१० मध्ये मांडलेलं सूत्र सगळ्यांना पाठ होतं : ॲसिड नाही तर अल्सर नाही. टेन्शन, तिखट आणि घाईची जीवनशैली यांमुळे ॲसिड वाढतं आणि त्यातून अल्सर होतो, असं मानलं जाई. उपचारही त्याच अंगाने. दूध आणि मऊ भाताचा आहार, आराम, ॲसिड मारणारी औषधं आणि शेवटी शस्त्रक्रिया. कधी जठराला जाणारी नस कापली जाई, तर कधी जठराचा तुकडाच काढला जाई. १९७० च्या दशकात सिमेटिडिन हे ॲसिड कमी करणारं औषध आलं आणि मोठा फरक पडला. पण गोळी थांबवली की अल्सर परत येई.

जठरात इतकं ॲसिड असतं की तिथे कुठलाही जिवाणू तग धरू शकणार नाही, हेही गृहीत धरलेलं होतं.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, रॉयल पर्थ हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वाकडे, वळणदार जिवाणू दिसले. जिथे जिवाणू, तिथे अस्तराला सूज. सहकाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्या सोबतीला आला. दोघांनी मिळून १०० रुग्णांचा अभ्यास सुरू केला.

अडचण एकच होती. हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नव्हता. तीसहून अधिक प्रयत्न वाया गेले. प्रयोगशाळेत दोन दिवसांत काही वाढलं नाही तर बशी फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरला मोठी सुट्टी आली, बश्या तशाच राहून गेल्या आणि परत आल्यावर पाहतात तर जिवाणूंची वसाहत तयार! तो हळू वाढणारा जिवाणू होता, इतकंच. अभ्यासातल्या ड्युओडेनल अल्सरच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांच्या पोटात तो सापडला.

तरीही बहुतेक तज्ज्ञांना पटलं नाही. जिवाणू अल्सरमुळे आला की अल्सर जिवाणूमुळे झाला, हा प्रश्न उरलाच होता. प्राण्यांवरचे प्रयोग जमेनात. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी आधी स्वतःची एंडोस्कोपी करून पोट निरोगी असल्याची खात्री केली आणि मग एका रुग्णाच्या पोटातून वाढवलेल्या जिवाणूंचं पाणी चक्क पिऊन टाकलं. काही दिवसांतच त्यांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एंडोस्कोपी झाली, तेव्हा अस्तराला जबर सूज होती आणि तिथे जिवाणू वस्ती करून होते. त्यांना अल्सर झाला नाही, पण अल्सरच्या आधीची पायरी म्हणजे गॅस्ट्रायटिस हा जिवाणू घडवतो, हे सिद्ध झालं.

पुढे या जिवाणूला 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हे नाव मिळालं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी अशा अल्सरवर अँटिबायोटिक्स द्यावीत अशी शिफारस केली. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा जिवाणू ॲसिडमध्ये जगतो कसा?

एच. पायलोरी 'युरिएज' नावाचं विकर सोडतो. ते पोटातल्या युरियापासून अमोनिया बनवतं आणि अमोनिया ॲसिडला उदासीन करतो. म्हणजे हा जिवाणू स्वतःभोवती ॲसिड नसलेला एक कोष तयार करतो. शेपटीसारख्या तंतूंच्या मदतीने तो म्युकसच्या थरात शिरतो आणि अस्तराला चिकटून बसतो. तिथे त्याची विषद्रव्यं आणि आपल्या शरीराची त्याच्याशी चाललेली लढाई, दोन्हींमुळे अस्तर दुबळं होतं. काही जणांत तो ॲसिडचं प्रमाणही वाढवतो. ते जादा ॲसिड ग्रहणीत उतरतं आणि तिथे जखम होते.

हा संसर्ग बहुतेकांना लहानपणीच होतो. घरातल्या माणसांकडून, तोंडावाटे, दूषित पाणी आणि अस्वच्छता यांतून तो पसरतो. उपचार केले नाहीत तर सहसा आयुष्यभर राहतो. भारतात तो फार मोठ्या लोकसंख्येच्या पोटात आहे. पण त्यातल्या बहुतेकांना कधीच अल्सर होत नाही. जिवाणूचा प्रकार किती आक्रमक, माणसाची प्रतिकारशक्ती कशी, तो सिगारेट ओढतो का, वेदनाशामक गोळ्या घेतो का, यावर पुढचं अवलंबून असतं.

दुसरं कारण : अंगदुखीच्या गोळ्या

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन. या गोळ्या बहुतेक घरांच्या औषधांच्या डब्यात सापडतात. वेदना आणि सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स या गोळ्या थांबवतात, म्हणून दुखणं कमी होतं. पण पोटाच्या कवचावर देखरेख करणारीही प्रोस्टाग्लँडिन्सच असतात. गोळी दोन्हींत भेद करत नाही. गुडघा शांत होतो आणि पोट उघडं पडतं.

म्हणूनच 'जेवणानंतर गोळी घेतली की काही होत नाही' हा समज अर्धवट आहे. गोळी रक्तात मिसळल्यावरही हा परिणाम होतच राहतो. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतलं तरी पोटाला धोका असतोच.

सगळ्यात जास्त धोका वयस्कर माणसांना. संधिवाताने त्रासलेली आजी महिनोन्महिने गोळी घेते आणि तिचं पोट कधीच दुखत नाही, कारण ज्या गोळीने जखम केली, तीच गोळी दुखणं दाबून ठेवते. मग पहिलं लक्षण म्हणून थेट रक्तस्रावच समोर येतो. साठीच्या पुढचं वय, आधी झालेला अल्सर, सोबत रक्त पातळ करणारी औषधं किंवा स्टेरॉइड, एकाच वेळी दोन प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या, यांपैकी काहीही असेल तर धोका बराच वाढतो. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिनलेबलच्या 'जडीबुटीच्या' पुड्यांमध्येही काही वेळा स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषध मिसळलेलं आढळतं.

साध्या दुखण्याला किंवा तापाला योग्य मात्रेत घेतलेलं पॅरासिटामॉल पोटासाठी तुलनेने सुरक्षित असतं. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलं असेल तर हे वाचून ते परस्पर बंद करू नये. पोटाचं संरक्षण करणारी गोळी सोबत द्यायची का, हे डॉक्टरांनाच विचारावं.

बाकीची कारणं

धूम्रपानामुळे अल्सर होण्याची शक्यता वाढते आणि झालेला अल्सर लवकर भरत नाही. दारूचं अतिसेवन अस्तराला इजा करतं. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या, डोक्याला गंभीर मार लागलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना 'स्ट्रेस अल्सर' होतो. इथे स्ट्रेस म्हणजे ऑफिसचं टेन्शन नव्हे, तर शरीरावर आलेला जीवघेणा ताण. फार क्वचित स्वादुपिंडात किंवा ग्रहणीत एक प्रकारची गाठ होऊन ॲसिड अफाट वाढतं. त्याला झोलिंगर-एलिसन सिंड्रोम म्हणतात.

मग तिखट, टेन्शन आणि थंड दूध?

तिखट : मिरचीमुळे अल्सर होतो याला पुरावा मिळालेला नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी निरोगी लोकांना तिखट जेवण देऊन एंडोस्कोपीने त्यांचं पोट तपासलं, तेव्हा अस्तराला दिसण्याजोगी इजा झालेली नव्हती. मात्र आधीच अल्सर असेल तर तिखट झोंबतं. त्यामुळे ज्याला त्रास होतो त्याने ते टाळावं. पण ठेचा बंद केला म्हणून अल्सर भरून येणार नाही.

टेन्शन : रोजच्या ताणाने एकट्याने अल्सर होत नाही. पण त्याचा काहीच संबंध नाही असंही नाही. १९९५ मध्ये जपानमध्ये कोबे शहराच्या परिसरात मोठा भूकंप झाला, त्यानंतर तिथे अल्सरचे रुग्ण वाढल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. ताणात झोप उडते, सिगारेट वाढते, डोकेदुखीच्या गोळ्या वाढतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

थंड दूध : दूध प्यायल्यावर लगेच बरं वाटतं, हे खरं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम यांमुळे थोड्या वेळाने जठर आणखी ॲसिड सोडतं. म्हणून दूध हा अल्सरवरचा उपचार नाही.

दोन्ही अल्सरमधला फरक कसा ओळखायचा?

दुखण्याची जागा जवळपास सारखीच, छातीच्या हाडाच्या खाली आणि बेंबीच्या वर. जळजळ किंवा पोखरल्यासारखं दुखणं. फरक असतो वेळेत.

- ड्युओडेनल अल्सर : पोट रिकामं असताना, जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री दुखतं. काही खाल्लं की थांबतं. उपवासाच्या दिवशी त्रास वाढतो. तुलनेने कमी वयातही होतो. तो कर्करोगाचा असण्याची शक्यता अत्यल्प असते.
- गॅस्ट्रिक अल्सर : जेवल्यावर लवकरच दुखू लागतं. त्यामुळे माणूस खायला घाबरतो आणि वजन उतरतं. उतारवयात जास्त आढळतो. जठराचा कर्करोगही कधी कधी असाच दिसतो, म्हणून त्याचा तुकडा काढून तपासणं गरजेचं असतं.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही वेळेचा हा फरक टिपला होता. 'माधवनिदान' या आयुर्वेदाच्या ग्रंथात अन्न पचत असताना उठणाऱ्या 'परिणामशूला'चं वर्णन आहे.

अर्थात, हा नियम प्रत्येकाला लागू पडत नाही. अनेकांना नुसतं पोट फुगणं, ढेकर, मळमळ एवढंच जाणवतं. काहींना काहीच जाणवत नाही. शिवाय ॲसिडिटी, पित्ताशयातले खडे यांचं दुखणंही असंच असू शकतं. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर 'गॅस झालाय' म्हणत थांबू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

अल्सरमुळे जीव जातो तो दुखण्याने नाही, तर त्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीमुळे.

- रक्तस्राव : डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौचाला होणं. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. चक्कर, अंग गार पडणं. (लोहाच्या गोळ्यांमुळेही शौचाचा रंग काळपट होतो, पण शंका असल्यास तपासूनच घ्यावं.)
- पोटात भोक पडणं : अचानक, सुरी खुपसल्यासारखी असह्य कळ आणि पोट लाकडी फळीसारखं कडक होणं. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते. इथे एकेक तास मोलाचा असतो. अशा वेळी वेदनाशामक गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये.
- वाट अडणं : अल्सर भरताना व्रण आकसतो आणि जठराचं तोंड अरुंद होतं. मग सकाळी खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडतं.

याशिवाय विनाकारण वजन घटणं, गिळताना अडकणं, रक्ताची कमतरता किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली 'ॲसिडिटी' असेल, तर आधी तपासणी आणि मग गोळी.

तपासणी कशी होते?

सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे एंडोस्कोपी. लोक तिला 'दुर्बिणीची तपासणी' म्हणतात. तोंडातून बारीक नळी घालून आत पाहतात. साधारणपणे काही मिनिटांचंच काम असतं. रक्त येत असेल तर तिथल्या तिथे ते थांबवता येतं, तुकडाही घेता येतो. सोनोग्राफीत अल्सर सहसा दिसत नाही, त्यामुळे 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' म्हणजे अल्सर नाही असा अर्थ होत नाही.

एच. पायलोरीसाठी श्वासाची चाचणी, शौचाची चाचणी किंवा एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्याची चाचणी करतात. रक्ताच्या चाचणीत फक्त प्रतिपिंडं कळतात. ती जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाचीही असू शकतात. ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. त्यामुळे पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

उपचार : कोर्स अर्धवट सोडू नका

एच. पायलोरी सापडला तर दोन किंवा अधिक अँटिबायोटिक्स आणि ॲसिड कमी करणारं औषध, बऱ्याचदा सोबत बिस्मथ, असा साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो. गोळ्या बऱ्याच असतात, तोंड कडू होतं, मळमळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं थांबतं आणि अनेक जण तिथेच कोर्स सोडतात. नेमकी हीच चूक महागात पडते. उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल या औषधांना दाद न देणारे जिवाणू भारतात आधीच बरेच आढळतात.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करावी. जिवाणू गेला तर अल्सर परत येण्याची शक्यता खूपच कमी होते. पूर्वी ज्या आजारासाठी जठर कापावं लागे, तो आता दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी मुळापासून बरा होतो. जठराच्या कर्करोगाचा धोकाही कमी होतो, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक ठरवलं आहे.

अल्सर गोळ्यांमुळे झाला असेल तर शक्य असल्यास ती गोळी थांबवणं आणि जखम भरेपर्यंत, साधारण चार ते आठ आठवडे, ॲसिड कमी करणारं औषध घेणं हा उपचार. जठरातला अल्सर पूर्ण भरला की नाही हे पाहायला बऱ्याचदा पुन्हा एंडोस्कोपी करतात.

लक्षात ठेवायचं ते इतकंच

पोटदुखीला 'पित्त' म्हणून वर्षानुवर्षं सोबत घेऊन जगण्याची गरज नाही. ॲसिडिटीची गोळी मनानेच महिनोन्महिने घेत असाल, तर ती दुखणं झाकते. त्यामागे जिवाणू आहे, गोळी आहे की आणखी काही, हे मात्र ती सांगत नाही. घरात कुणी वयस्कर व्यक्ती रोज गुडघेदुखीची गोळी घेत असेल, तर आज त्यांच्या गोळीच्या पाकिटावरचं नाव एकदा वाचा आणि शौचाचा रंग काळा होतो का, हे न लाजता विचारा. हा एक प्रश्न वेळेत विचारला, तर पुढची धावपळ टळू शकते.